दुसऱ्या रविवारी काय बोलायचं?

रविवारची उपासना संपली की आमच्याकडे पाळक दाराशी येऊन उभे राहतात. बाहेर पडणारा प्रत्येक जण हात मिळवतो, 'जय ख्रिस्त' म्हणतो, 'आजचा संदेश छान झाला' असंही बरेचदा म्हणतो. पण एखाद्या रविवारी तसं होत नाही. लोक बाजूच्या दारानं निघून जातात, अंगणात दोघातिघांचे घोळके करून हळू आवाजात बोलत राहतात, आणि दाराशी उभ्या असलेल्या पाळकांकडे कोणी फिरकत नाही.

अशा वेळी दोन निष्कर्ष अगदी तयार असतात. पहिला असा की पाळकांना बोलायचं भान राहिलं नाही, लोकांची मनं दुखावली, मंडळी सांभाळायची सोडून ते ती फोडायला निघाले. दुसरा असा की लोक चिडले म्हणजे पाळक खरंच बोलले असणार, संदेष्ट्यांनाही लोकांनी दगडच मारले होते. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. ऐकणारे रागावले म्हणून उपदेश फसला असं होत नाही, आणि रागावले म्हणून तो खरा ठरला असंही होत नाही. मग प्रामाणिक उपदेश ओळखायचा कशावरून? व्याख्या करत बसण्यापेक्षा एक घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या पाहण्यात या प्रश्नावर इतका उजेड टाकणारी दुसरी घटना नाही.

कॅरिबियन समुद्रात एक मोठं बेट आहे. आज त्यावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. १४९२ साली कोलंबस तिथे पोहोचला आणि स्पॅनिश लोकांनी बेटाला हिस्पानिओला असं नाव दिलं. तिथले मूळ रहिवासी म्हणजे ताईनो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तिथे एक पद्धत रुजली, एन्कोमिएन्दा. या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे 'सोपवणं'. राजाच्या नावानं अमुक इतके ताईनो एकेका स्पॅनिश माणसाच्या हवाली केले जात. त्यानं त्यांचा सांभाळ करायचा, त्यांना ख्रिस्ती शिक्षण द्यायचं, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ही वेठबिगारी होती. सोन्याच्या खाणीत माणसं उपाशीपोटी राबत आणि मरत. एक मेला की मालक दुसरा मागून घेई. हेच मालक रविवारी नेमानं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत. आपण चांगले ख्रिस्ती आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

१५१० साली, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्याच वर्षी, या बेटावर डॉमिनिकन संघाचे मोजके धर्मबंधू येऊन उतरले. या संघाचं अधिकृत नावच 'उपदेशकांचा संघ' आहे, म्हणजे उपदेश करणं हे त्यांचं व्रत. त्यांचा प्रमुख होता पेद्रो दे कोर्दोबा, अजून तिशीही न गाठलेला. एका माणसानं आपल्या परसातली खोपटी दिली, तिथे ते राहू लागले. कसाव्याची भाकरी खायची, पेंढ्यावर निजायचं. लगेच व्यासपीठावर चढून त्यांनी कोणाला फैलावर घेतलं नाही. वर्षभर त्यांनी पाहिलं, ऐकलं, विचारपूस केली. हुआन गार्सेस नावाचा एक वसाहतवाला त्यांच्याकडे आला. बायकोचा खून करून तो काही वर्षं डोंगरात लपला होता. आता पश्चात्तापानं पोळून तो संघात दाखल झाला. ताईनोंवर काय काय अत्याचार होतात हे त्यानं स्वतः पाहिलं होतं, कदाचित केलंही असेल. ते सगळं त्यानं बंधूंना सांगितलं.

मग सगळे बंधू एकत्र बसले. प्रार्थना, उपास, चर्चा असं बरेच दिवस चाललं. काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून लिहून काढलं आणि खाली प्रत्येकानं सही केली. त्यांच्यात बोलण्यात तरबेज होता अंतोनिओ दे मोंतेसिनोस. बोलायची आज्ञा त्याला झाली. रविवार ठरला २१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, चौथा रविवार. बंधूंनी घरोघर जाऊन निमंत्रणं दिली. कोलंबसाचा मुलगा दिएगो तेव्हा बेटाचा राज्यपाल होता. त्याला, राजाच्या अधिकाऱ्यांना आणि कायदेपंडितांना आवर्जून सांगितलं की रविवारी चर्चमध्ये या, सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

त्या दिवसाचं ठरलेलं शुभवर्तमान योहानाच्या पहिल्या अध्यायातलं होतं. 'तू कोण आहेस?' असं विचारल्यावर बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, 'मी अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी.' मोंतेसिनोसनं तेच वचन घेतलं. अरण्य कोणतं? तुमची विवेकबुद्धी, असं तो म्हणाला. तिथे काही उगवत नाही. या बेटाच्या अरण्यात मी ख्रिस्ताची वाणी म्हणून उभा आहे, आणि ही वाणी सांगते की तुम्ही सगळे मरणपापात आहात. मग त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. कोणत्या अधिकारानं, कोणत्या न्यायानं तुम्ही या लोकांना अशा भयानक गुलामीत ठेवलं आहे? त्यांना पोटभर खायला न देता, आजारपणात न सांभाळता का राबवता? ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? स्वतःवर करता तशी यांच्यावर प्रीती करायला तुम्ही बांधलेले नाही का?

या प्रवचनाची मूळ प्रत आज हाती नाही. आपल्याला ते कळतं ते बार्तोलोमे दे लास कासास या त्या काळच्या धर्मगुरूनं पुढे लिहिलेल्या इतिहासातून. त्यात ऐकणाऱ्यांचं वर्णन करताना तो म्हणतो की काही जण सुन्न झाले, काही जास्तच कठोर झाले, काहींना थोडा पश्चात्ताप झाल्यासारखं वाटलं, पण माझ्या माहितीप्रमाणे पालटला एकही नाही. हे वाक्य मी कधी विसरत नाही. इतकी तयारी, इतकी प्रार्थना, इतकं धैर्य, आणि हाती लागलेलं पीक शून्य.

चर्चमध्ये इतकी कुजबुज माजली की मिस्सा कशीबशी पुरी झाली. मोंतेसिनोस मान खाली न घालता बाहेर पडला आणि सोबत्याबरोबर आपल्या गवती घराकडे गेला. तिथे जेवायला कोबीचं पातळ सार असेल, आणि तेही कदाचित तेलावाचून, असं लास कासास लिहितो.

इथे थोडं थांबून या प्रवचनाची घडण पाहू, कारण प्रामाणिक उपदेश म्हणजे काय ते तिच्यात दिसतं.

कॅथलिक लोक प्रवचन म्हणतात, प्रोटेस्टंट उपदेश किंवा संदेश म्हणतात. शब्द वेगळे असले तरी कल्पना एकच आहे. उपदेशक स्वतःचं मत सांगायला उभा राहत नाही. शास्त्रातला एक उतारा त्याच्यापुढे असतो, तो काय म्हणतो हे आधी समजून घ्यायचं आणि मग समोर बसलेल्या लोकांच्या जगण्याला तो कुठे भिडतो हे दाखवायचं. यातलं एक टोक सुटलं की घोटाळा होतो. उतारा समजावला पण लोकांपर्यंत आणलाच नाही, तर तो अभ्यासवर्ग झाला. लोकांवर ताशेरे ओढले आणि उतारा नावालाच वाचला, तर ते उपदेशकाचं भाषण झालं. मोंतेसिनोसनं चिडून एखादं सोयीचं वचन शोधून काढलं नव्हतं. त्या रविवारचं ठरलेलं शुभवर्तमानच ते होतं. ठरलेल्या वाचनांचा हा मोठा फायदा आहे. काय वाचायचं हे उपदेशकाच्या लहरीवर सोडलेलं नसतं, त्यामुळे 'आज मुद्दाम आमच्यावर रोख धरून वचन निवडलं' असं म्हणायला जागा उरत नाही. पुस्तक घेऊन अध्यायामागून अध्याय पुढे नेणारे पाळक हेच वेगळ्या रीतीनं साधतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तो समोरच्यांशी बोलला. हे वाटतं तितकं सोपं नाही. गैरहजर माणसांची पापं मोजणं हा उपदेशकाचा सगळ्यात सुखाचा उद्योग आहे. 'आजकालच्या तरुण पिढीचं काय सांगावं' असं म्हटलं की बाकांवरची पिकलेली डोकी माना डोलावतात. 'बाहेरचं जग किती बिघडलंय' असं म्हटलं की सगळेच डोलावतात. शास्त्रातलं नासरेथचं दृश्य आठवा, लूकाच्या चौथ्या अध्यायातलं. येशू आपल्या गावच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो, दीनांना सुवार्ता सांगायला मी आलो असं म्हणतो, आणि लोक त्याच्या कृपावचनांचं कौतुक करतात. मग तो सारफथची विधवा आणि अरामी नामान यांची नावं घेतो. देवानं दुष्काळात एलीया संदेष्ट्याला पाठवलं ते परक्या बाईकडे, आणि कुष्ठरोगातून शुद्ध केलं ते परक्या सरदाराला. त्याबरोबर तेच कौतुक करणारे लोक त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघतात. कृपा त्यांना हवीच होती. ती आपल्या वाट्याची असावी, परक्यांच्या नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे खालच्या सह्या. एकट्या माणसाचा संताप आणि देवाचं वचन यातला फरक त्या एकट्याला बरेचदा कळत नाही. आतून दोन्ही सारखेच पेटलेले असतात. म्हणून बंधूंनी ते शब्द सगळ्यांपुढे ठेवले आणि तावून सुलाखून घेतले. आपल्याकडे पंच कमिटीत शनिवारी झालेल्या भांडणाचा वचपा रविवारी व्यासपीठावरून काढलेला मी पाहिला आहे. वचन खरं होतं, उच्चारही स्वच्छ होता, पण ते कोणाला उद्देशून आहे हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. लोक त्या दिवशीही रागावले होते. त्या रागाला छळ म्हणणं बरोबर नाही. शुभवर्तमानाचं अडखळण वेगळं आणि उपदेशकाच्या स्वभावाचं अडखळण वेगळं. प्रेषित पौलानं वधस्तंभाच्या संदेशाला अडखळण म्हटलं, आपल्या शीघ्रकोपाला नव्हे.

आता पुन्हा त्या बेटावर जाऊ, कारण खरी परीक्षा पुढे आहे.

दुपारी जेवणं उरकल्यावर बडी मंडळी राज्यपालाच्या घरी जमली आणि तिथून थेट बंधूंच्या खोपटावर आली. हा कोण नवा धर्म शिकवणारा? राजानं दिलेलं हा पाप म्हणतो, म्हणजे हा राजद्रोहच. त्यांना मोंतेसिनोस हवा होता, पण भेटला तो पेद्रो दे कोर्दोबा. त्यानं शांतपणे सांगितलं की तो बोलला ते त्याच्या एकट्याचं नाही, आम्हा सगळ्यांचं आहे. मंडळींनी मग शेवटचं सांगितलं. येत्या रविवारी शब्द मागे घ्या, नाहीतर सामान बांधा आणि जहाजात बसून स्पेनला परत जा. पेद्रो म्हणाला, त्याला आम्हाला फार कष्ट पडायचे नाहीत. आणि ते खरंच होतं. अंगावरचे झगे, खरखरीत पांघरुणं आणि थोडी पुस्तकं मिळून त्यांचं सगळं बिऱ्हाड दोन पेट्यांत मावलं असतं.

या दोन पेट्यांविषयी मी खूप विचार केला आहे. उपदेशकाचं तोंड कोण बंद करू शकतं, तर ज्याच्या हातात त्याचं काहीतरी असतं तो. पगार, घर, मुलांची शाळा, पुढच्या बदलीचं ठिकाण. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्याच्या घरी दोन मुलं शिकताहेत त्याला दोन पेट्यांत मावून दाखव म्हणणं सोपं आहे. पण पाळक मूग गिळून बसतात तेव्हा त्यांच्या भित्रेपणाबद्दल बोलण्याआधी मंडळीनं स्वतःला विचारावं की आपण त्यांच्या कोणत्या पेटीवर बसलो आहोत.

पुढच्या रविवारी मोंतेसिनोस बोलेल, एवढं पेद्रोनं कबूल केलं. गावभर बातमी झाली की बाबाजी आता माफी मागणार. चर्च तुडुंब भरलं. मोंतेसिनोस उभा राहिला आणि त्यानं बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायातलं वचन वाचलं. त्याचा आशय असा होता की मी माझं ज्ञान पुन्हा सुरुवातीपासून सांगेन आणि माझे शब्द खोटे नाहीत हे दाखवून देईन. मग आधीच्या रविवारचा एकेक मुद्दा त्यानं पुन्हा घेतला, जास्त कारणं देऊन, जास्त वचनं देऊन. शेवटी म्हणाला की वाटमाऱ्यांची पापकबुली आम्ही जशी घेत नाही तशी यापुढे तुमचीही घेणार नाही. ही पापकबुली म्हणजे गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ती. त्या काळच्या माणसासाठी ती नाकारली जाणं म्हणजे थेट तारणाच्या दारावर कुलूप. आणि हे स्पेनला कोणाला कळवायचं त्यांना खुशाल कळवा, असंही त्यानं सांगितलं.

पहिल्या रविवारी बोलायला धैर्य लागतं हे खरं, पण पहिल्या रविवारी माणूस आवेशातही बोलून जाऊ शकतो. दुसऱ्या रविवारी समोर कोण बसलंय, ते काय करू शकतात आणि आपलं काय जाणार आहे, हे सगळं माहीत असतं. आवेश ओसरलेला असतो. तेव्हा तो शब्द मागे घ्यायचा मोह होतो, किंवा उलटा मोह होतो, शिव्या वाढवायचा. मोंतेसिनोसनं दोन्ही टाळलं. त्यानं कारणं वाढवली. पटवून देण्याचा प्रयत्न करणं म्हणजे समोरचा अजून ऐकू शकतो असं मानणं. तिरस्कार करणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात असंच एक दृश्य आहे. राजा यहोयाकीम हिवाळ्यात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाची गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूनं कापतो आणि शेगडीत टाकतो, असं करत करत सगळी गुंडाळी राख होते. मग देव यिर्मयाला सांगतो की दुसरी गुंडाळी घे आणि तेच शब्द पुन्हा लिही. बारूख लेखक पुन्हा बसतो आणि पहिल्यापासून लिहून काढतो.

हे झालं अन्यायाविरुद्धच्या उपदेशाचं. पण लोकांना नको असलेला उपदेश दर वेळी असा गर्जणारा नसतो. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये १७८२ साली चार्ल्स सिमियन हा तेविशीतला तरुण पाळक म्हणून आला. लोकांना दुसराच माणूस हवा होता, आणि मन पालटून नवा जन्म घ्यायला सांगणारं याचं बोलणं तर त्याहून नकोसं होतं. तिथे बाकं घराण्यांच्या मालकीची असत, त्यांना दारं असत. मालकांनी आपापल्या बाकांना कुलपं लावली आणि स्वतः यायचं बंद केलं. सिमियननं पदरचे पैसे खर्चून मधल्या वाटेत बसायची सोय केली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून अंगणात फेकली. दुपारच्या व्याख्यानाचं काम बारा वर्षं त्याला न देता दुसऱ्यांना दिलं. तो उभ्या असलेल्या लोकांपुढे उपदेश करत राहिला. 'प्रभूच्या दासाने भांडू नये' हे पौलाचं वचन त्या दिवसांत त्याच्या मनात सारखं असे. तो तिथे मरेपर्यंत राहिला, १८३६ पर्यंत, चौपन्न वर्षं. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी शहरातली दुकानं बंद होती. आपल्या देशाशीही त्याचा धागा आहे. त्याचाच सहायक हेन्री मार्टिन १८०६ साली कोलकात्याला उतरला, आणि त्यानं नव्या कराराचं उर्दू भाषांतर केलं.

प्रत्येक उपदेशाला सिमियन तीन प्रश्न लावायचा, आणि ते मला आजही उपयोगी वाटतात. यानं पापी माणूस नम्र होतो का? तारणारा उंचावतो का? पवित्र जगण्याकडे पाऊल पडतं का? यात 'उपदेशक शूर दिसतो का' हा प्रश्न नाही.

मोंतेसिनोसच्या प्रवचनाचं पुढे काय झालं, तेही जसं आहे तसं सांगायला हवं. मार्च १५१२ मध्ये राजा फर्डिनंडनं राज्यपालाला लिहिलेल्या पत्रात त्या प्रवचनाचा निषेध केला. स्पेनमधल्या डॉमिनिकन वरिष्ठांनीही आपल्याच बंधूंना खरमरीत पत्र धाडलं. आपल्या माणसांनीच असं केलं, हा घाव खोल गेला असणार. वसाहतवाल्यांनी आपली बाजू मांडायला अलोन्सो दे एस्पिनार नावाच्या, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघातल्या धर्मबंधूला दरबारी पाठवलं. त्याच्या मागोमाग मोंतेसिनोसही गेला. द्वारपाल आत सोडीनात, तरी तो आत शिरला आणि गुडघे टेकून राजापुढे अत्याचारांची यादी वाचली. एस्पिनारला त्यानं मठाच्या दाराशी गाठलं. या जगातून तू तुझ्या फाटक्या झग्याशिवाय काय बरोबर नेणार आहेस, मग या लोकांची वकिली का करतोस, असं त्याला विचारलं. पहिल्या प्रवचनानं चर्चभर लोकांतला एकही पालटला नव्हता, आणि इथे दाराशी उभ्यानं झालेल्या बोलण्यात विरोधी पक्षाचा वकीलच पालटला.

राजानं पंडितांची सभा बसवली आणि २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे कायदे निघाले. त्यात पस्तीस कलमं होती. गरोदर बाईला चौथ्या महिन्यानंतर खाणीत पाठवू नये, कोणाही ताईनोला मारू नये, 'कुत्रा' म्हणू नये, त्याच्या नावानंच हाक मारावी, असं त्यात लिहिलं होतं. कुत्रा म्हणू नये असा कायदा करावा लागला, यावरून तिथे रोज काय कानांवर पडत असेल ते समजतं. पण एन्कोमिएन्दा तशीच राहिली, आणि ताईनोंची जुनी घरं जाळून त्यांना स्पॅनिश वस्तीजवळ आणून वसवायचं हेही त्याच कायद्यात होतं. समुद्रापलीकडे या कलमांना फारसं कोणी जुमानलं नाही. काही दशकांतच ताईनो समाज जवळजवळ उद्ध्वस्त झाला. त्या प्रवचनानं बेट वाचलं नाही. सांतो दोमिंगोच्या किनाऱ्यावर आज मोंतेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे, मेक्सिकोनं दिलेला. तोंडाशी हात नेऊन तो समुद्राकडे ओरडतो आहे. पण ज्यांच्यासाठी तो ओरडला त्यांच्यातले फार थोडे उरले.

आणि लास कासास? त्या वर्षांत तो स्वतःच ताईनो बाळगून होता, धर्मगुरू असूनही. याच कारणानं एका डॉमिनिकन बंधूनं त्याची पापकबुली घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं वाद घातला आणि जमीन, माणसं सगळं तसंच ठेवलं. १५१४ साली क्युबामध्ये प्रवचनाची तयारी करताना तो सिराखचा चौतिसावा अध्याय वाचत होता. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये नाही. त्यात म्हटलंय की गरिबाकडून लुबाडलेल्यातून बळी अर्पण करणारा हा बापाच्या डोळ्यांदेखत मुलाला मारणाऱ्यासारखा आहे. त्याचे हात थबकले. त्यानं आपल्याकडचे सगळे ताईनो सोडून दिले, आणि १५ ऑगस्टला व्यासपीठावरून तसं जाहीर केलं. पुढची पन्नास वर्षं तो याच एका गोष्टीसाठी झगडला. पण याच माणसानं एके काळी ताईनोंचे हाल कमी व्हावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत अशी सूचना केली होती. म्हातारपणी त्यानं स्वतः लिहून ठेवलं की ती घोर चूक होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे. एका अन्यायाबद्दल ज्याचे डोळे उघडले, त्याला शेजारचा अन्याय दिसेलच असं नाही. म्हणून उपदेशकालाही दुसऱ्या कोणाचा उपदेश ऐकावा लागतो.

ऐकणाऱ्यांबद्दलही थोडं बोलायला हवं. प्रामाणिक उपदेश हा एकट्या उपदेशकाचा मामला नाही. प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक आहेत. पौलासारखा माणूस बोलला तरी ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत, हे असंच आहे का म्हणून. लूकानं त्यांना त्याबद्दल मोठ्या मनाचे म्हटलं आहे. एखादा उपदेश खुपला की घरी जाऊन तो उतारा काढावा आणि दोनदा वाचावा. खुपलं ते उताऱ्यातलं आहे की पाळकांच्या पदरचं, हे बहुतेक वेळा दुसऱ्या वाचनात कळतं. पाळकांच्या पदरचं असेल तर त्यांना भेटून सांगावं, अंगणात नव्हे. उताऱ्यातलं असेल, तर मग भांडण पाळकांशी उरत नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या गावच्या मंडळीत एक लग्न ठरत होतं. मुलगा-मुलगी दोघंही ख्रिस्ती, पण पणजोबांच्या पिढीत धर्मांतर करण्याआधी दोन्ही घरांची जात वेगळी. तेवढ्यावरून एका घरानं नकार दिला. सगळ्यांना कारण माहीत होतं आणि तोंडानं कोणी ते उच्चारत नव्हतं. त्या महिन्यात पाळकसाहेब याकोबाचं पत्र क्रमानं घेत होते. त्या रविवारी दुसरा अध्याय आला, तोंड पाहून वागू नका, हा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट कपड्यांतल्याला पायाशी बस म्हणणं, एवढं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, 'आपण प्रभुभोजनाला एका पेल्यातून पितो आणि सोयरिकीला पेले वेगळे काढतो.' त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. नकार देणारं घर आमच्या आत्याचं होतं, आणि माझे आजोबा तिसऱ्या बाकावर बसले होते. त्या दिवशी दाराशी त्यांनी हात मिळवला नाही. मला मनगटाला धरून बाजूच्या दारानं बाहेर काढलं, अजून आठवतं.

बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. ते चटईवर बसले, प्रार्थना केली, आईनं दिलेला चहा घेतला. पावसापाण्याचं बोलणं झालं. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही आणि सावरूनही घेतला नाही. उठताना आजोबांनीच विचारलं, 'येत्या रविवारी काय घेणार?'

'दुसऱ्या अध्यायाचा उरलेला अर्धा,' पाळकसाहेब म्हणाले. 'तुमच्या डोळ्याला पट्टी असेल, पण कानांना नसेल. या.'

आजोबा गेले. एका हातानं माझा खांदा धरून, दुसऱ्या हातानं बाकांचा अंदाज घेत, ते तिसऱ्या बाकापर्यंत चालत गेले.